कुलिंग टॉवरवरून जाणारी उष्णता आधी, हायड्रोजन नंतर

प्रोसेस इंजिनिअर म्हणून माझी सुरुवातीची वर्षं डिस्टिलेशन सेक्शनमध्ये गेली, म्हणजे उंच कॉलममध्ये मिश्रण उकळून त्यातले घटक वेगळे करायच्या विभागात. रात्रपाळीत दर तासाला लॉगशीट भरायची: कॉलमच्या तळाचं तापमान, माथ्याचं तापमान, प्रेशर, रिफ्लक्स (माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव). तळाशी रिबॉइलर, त्यात बॉयलरची वाफ सोडून द्रव उकळायचा. माथ्यावर कंडेन्सर, तिथे वर आलेलं सॉल्व्हंट थंड पाण्याने परत द्रव करायचं. तापलेलं पाणी कुलिंग टॉवरवर जायचं आणि थंडीच्या पहाटे तिथून पांढरे लोट उठायचे. एका रात्री मी हिशेब मांडला. रिबॉइलरमध्ये जेवढी उष्णता घालत होतो, जवळजवळ तेवढीच कंडेन्सरमधून काढून हवेत सोडत होतो. बॉयलरमध्ये इंधन जाळून मिळवलेली सगळी आच, सरळ आकाशात. त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

रासायनिक उद्योगातला कार्बन कमी करायची गोष्ट निघाली की हल्ली चर्चा थेट ग्रीन हायड्रोजनवर, म्हणजे स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर जाते. हायड्रोजन लागणारच आहे, पण क्रम चुकतोय असं मला मनापासून वाटतं.

कॉलमच्या माथ्यावरच्या वाफेत उष्णता भरपूर असते, फक्त तिचं तापमान तळापेक्षा कमी असतं, म्हणून ती रिबॉइलरच्या कामाची नसते. तीच वाफ कॉम्प्रेसरने दाबली की तापमान चढतं आणि ती तळ उकळवू शकते. प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करणाऱ्या उंच कॉलमवर ही पद्धत कित्येक दशकं वापरात आहे. दोघांच्या उत्कलनबिंदूत जेमतेम ५-६ अंशांचा फरक, त्यामुळे थोडं दाबलं तरी भागतं. फरक वाढला की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि गणित अवघड होतं. नवीन काय, तर १५० अंशांच्या आसपासची वाफ देणारे औद्योगिक हीट पंप (कमी तापमानाची उष्णता विजेने वर चढवणारी यंत्रं) आता बाजारात येऊ लागलेत. जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीने २०२५ मध्ये ५० मेगावॅटच्या हीट पंपाची उभारणी सुरू केली. क्रॅकरमधले (मोठे रेणू तापवून तोडणाऱ्या प्लांटमधले) वायू थंड करताना वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वाफ करायची आणि ती मुख्यतः फॉर्मिक ॲसिडच्या उत्पादनाला द्यायची, अशी ती योजना आहे.

माझा सगळा आग्रह ज्या हिशेबावर उभा आहे तो असा. १ युनिट वीज हीट पंपाला दिली तर साधारण २ ते ३ युनिट उष्णता मिळते. इलेक्ट्रिक बॉयलरला दिली तर जवळजवळ १. त्याच विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून तो बॉयलरमध्ये जाळला, तर सुमारे ०.६. स्वच्छ वीज अजून कुठेच मुबलक नाही. अशा वेळी नुसत्या वाफेसाठी हायड्रोजन जाळायचे प्रस्ताव वाचले की जीव तुटतो.

८५० अंशांवर मात्र हीट पंपाचं काही चालत नाही. प्लास्टिकसाठी लागणाऱ्या इथिलीनच्या क्रॅकरमध्ये नाफ्था (खनिज तेलातून निघणारा हलका द्रव) आणि वाफ भट्टीतल्या नळ्यांतून सेकंदाच्या काही अंशात जातात आणि रेणू तुटतात. इथे वीज थेट भट्टीतच न्यावी लागते. बीएएसएफ, सॅबिक आणि लिंडे या कंपन्यांनी एप्रिल २०२४ मध्ये लुडविग्सहाफेनलाच तसा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला: दोन भट्ट्या, ताशी सुमारे ४ टन कच्चा माल, ६ मेगावॅट वीज. एका भट्टीत नळ्यांमधूनच विद्युतप्रवाह सोडतात, दुसरीत भोवतीच्या तापणाऱ्या घटकांनी आच देतात. मला यात खरंच आशा दिसते. पण एक प्रश्न फार कमी लोक विचारतात. आजच्या भट्टीत जळतो तो बराचसा क्रॅकिंगमधूनच निघालेला मिथेन. भट्टी विजेवर गेली की तो मिथेन उरतो. त्याचं काय करणार? दुसऱ्या कुणाला जाळायला विकला आणि त्याने बाकी कुठलं इंधन कमी केलं नाही, तर धुराडं फक्त एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात गेलं.

हायड्रोजनची खरी जागा अमोनियात आहे, कारण तिथे तो जाळायचा नसतो, तो कच्चा माल आहे. १ टन अमोनियात सुमारे १७६ किलो हायड्रोजन असतो. तो पाण्यातून काढायला ९ ते १० मेगावॅट-तास वीज लागते, आणि जगात वर्षाला १८ कोटी टनांच्या आसपास अमोनिया बनतो. ही कल्पनाही आजची नाही. नॉर्वेत व्हेमॉर्कला १९२९ पासून जलविद्युतीवर हायड्रोजन काढून खतासाठी अमोनिया करत होते. पुढे स्वस्त नैसर्गिक वायूने ती वाट मागे पाडली.

आणि अमोनियापासून बनणारा युरिया? १ टन युरियाला सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो आज त्याच कारखान्यातल्या नैसर्गिक वायूपासून मिळतो. वायू बंद केला की हा पुरवठाही बंद. शिवाय युरिया शेतात विरघळला की तोच कार्बन पुन्हा हवेत. म्हणजे एकतर दुसरीकडून कार्बन आणा, नाहीतर कार्बन नसलेल्या नत्रखतांकडे वळा. हा निर्णय इलेक्ट्रोलायझरची (पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राची) ऑर्डर देण्याआधी व्हायला हवा.

आमच्या त्या कॉलमच्या तळ-माथ्यात १८ अंशांचा फरक होता. मी दोन पानी प्रस्ताव दिला होता. ‘बॉयलर आहेच की,’ असं उत्तर मिळालं आणि विषय तिथेच थांबला. प्लांटवर काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, उद्या शिफ्टला गेलात की तुमच्या लॉगशीटवरची ती दोन तापमानं बघा. फरक ३० अंशांच्या आत असेल, तर कॉम्प्रेसरचा हिशेब मांडून बघाच. आकडेमोडीत अडलात तर मला लिहा, मी बसून करून देईन.