दाजी, तो रिंकू वेगळा!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. काल तो दाजींकडून आला, खाली त्यांची पुरवणी: "वाच आणि सांग, पोराला पाठवायचं का?" पोर म्हणजे माझा भाचा. बारावीत आहे, भाला बरा फेकतो. एरवी असल्या फॉरवर्डच्या मी वाटेला जात नाही, पण इथे ताईच्या घरातल्या चार लाखांचा प्रश्न आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल क्लबने दहा लाख डॉलर देऊन नेलं, फुकटची प्रसिद्धी मिळवली आणि भारतीय म्हणून वर्षभरात हाकलून दिलं. गोऱ्या पोरांना पाच-पाच वर्षं सांभाळतात, यांनाही सांभाळलं असतं तर आज दोघे स्टार असते. शेवटी एक मोबाईल नंबर आणि आवाहन: मुलाच्या हातात जोर असेल तर आमच्या अकॅडमीत पाठवा, फी चार लाख.

मेसेजसोबत एका क्रिकेटपटूचा फोटोही आहे, आधी त्याचं बघू. खाली लिहिलंय: "हाच रिंकू मायदेशी परतला आणि सलग पाच सिक्सर मारून त्याने अमेरिकेला उत्तर दिलं." अहो, काय हे! पाच सिक्सरवाला रिंकू अलीगडचा, कोलकात्याकडून आयपीएल खेळणारा. 2023 मध्ये अहमदाबादला यश दयालच्या शेवटच्या ओव्हरमध्ये त्याने ते मारले. मेसेजमधले रिंकू-दिनेश ज्या 'मिलियन डॉलर आर्म' या वेगाने चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले ती झाली 2008 मध्ये, तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा पोरगा होता. त्या वयात त्याला अमेरिकेने नेलं, हाकललं आणि त्याने पंधरा वर्षांनी क्रिकेटमध्ये बदला घेतला म्हणे! बेसबॉलवाला रिंकू भदोही जिल्ह्यातला. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात वीर महान म्हणून उतरला. दोघेही उत्तर प्रदेशचे आणि डावखुरे, इथे साम्य संपलं. ज्याला फोटो कुणाचा हे कळत नाही, तो पोरांना बेसबॉल शिकवणार?

दहा लाख डॉलरही तसेच. तो आकडा स्पर्धेच्या नावात होता. रिंकूला जिंकल्याबद्दल मिळाले एक लाख, तेही स्पर्धेच्या आयोजकांकडून. दहा लाखांसाठी वेगाची वेगळी अट होती, ती पुरी झाली नाही.

आता मुख्य आरोप: भारतीय म्हणून काढलं. दोघांशी करार केला एकाच क्लबने, एकाच वेळी, नोव्हेंबर 2008 मध्ये. दोघे उत्तर प्रदेशचे, दोघे भालाफेकीतून आलेले. डिसेंबर 2010 मध्ये क्लबने दिनेशला सोडलं आणि रिंकूला ठेवलं. भारतीय असणं हेच कारण असतं तर रिंकू कसा राहिला? याचं उत्तर मेसेजमध्ये नाही, कारण त्यात रिंकूलाही 2010 च्या आधीच घरी पाठवलंय.

बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेखालच्या पायऱ्यांवरच्या, खेळाडूंचीही मोसमवार आकडेवारी असते, कुणीही उघडून बघावी. रिंकूचा पहिल्या मोसमातला, म्हणजे 2009 चा ईआरए (चेंडू टाकणाऱ्याने नऊ डावांमागे सरासरी दिलेले रन, कमी तितके बरे) 5.84. जवळजवळ सहा रन, म्हणजे धुलाईच. तरीही क्लबने त्याला ठेवलं. 2012 मध्ये पायरेट्सच्याच वेस्ट व्हर्जिनियातल्या खालच्या संघात त्याने 72 डाव टाकले, ईआरए 3.00 वर आणला आणि 65 जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू टाकूनच बाद, केलं. म्हणजे चाचपडणारा खेळाडू वर चढत असेल तर क्लब थांबतो. पुढे हात दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि तो अधिकृत सामन्यात पुन्हा उतरलाच नाही. तरी 2014 मध्ये त्या दोघांवरचा सिनेमा आला तेव्हाही तो पायरेट्सकडेच होता, दुखापतीतून सावरत होता. याला हाकलणं म्हणतात का?

दिनेशचं गणित उलटं होतं. 2009 चा त्याचा ईआरए रिंकूपेक्षा कितीतरी चांगला, 1.42, पण डाव मोजकेच. दुसऱ्या वर्षी फलंदाजांनी त्याला फोडला, तोही सगळ्यात खालच्या पायरीवर. आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: ज्याने 2008 पर्यंत बेसबॉल हातात धरला नव्हता, त्याला दोन मोसम थोडेच. आणखी एक दिला असता तर आकाश कोसळलं नसतं. प्रसिद्धीचा हिशेबही खरा आहे. ही सगळी कल्पना ज्या एजंटाची, त्या जे. बी. बर्नस्टीनचा डोळा भारतातल्या प्रेक्षकांवरच होता.

पण "सांभाळलं असतं तर स्टार" ही उडी कुठून आली? मेसेजवाला क्लबने सोडल्यावर स्टार झालेल्या डेव्हिड ऑर्टिझ आणि जे. डी. मार्टिनेझची नावं फेकतो. ऑर्टिझला मिनेसोटाने 2002 च्या डिसेंबरात सोडलं, मार्टिनेझला ह्यूस्टनने 2014 च्या मार्चमध्ये, आणि दोघांनी नंतर त्यांना पस्तावायला लावलं. खरंय, क्लब चुकतात. पण ऑर्टिझ तोवर सहा मोसम आणि मार्टिनेझ तीन मोसम मेजर लीगमध्ये खेळून झाले होते. ती उदाहरणं दिनेशला लावणं म्हणजे रणजी संघातून वगळलेल्याची कथा तालुका स्पर्धेतल्या पोराला सांगणं.

गोऱ्या पोरांना पाच वर्षं देतात, हेही कुठून काढलं कोण जाणे. त्या काळात दरवर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, 50 फेऱ्या व्हायच्या, क्लब 30. त्यावर डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएलाकडून येणारी पोरं वेगळी. जागा ठरलेल्या, त्यामुळे नवी पोरं आली की जुनी जाणारच, मग ती टेक्सासची असोत नाहीतर वाराणसीची. पायरेट्स 2010 मध्ये 162 पैकी 105 सामने हरले, मग एक पोरगा ठेवायला काय जात होतं, असंही त्यात विचारलंय. हरत होता तो वरचा संघ; खाली जागेची मारामारी तीच. माझं मत विचाराल तर एकविसाव्या वर्षी "जमणार नाही" असं सरळ सांगितलेलं बरं. दिनेशने परत येऊन शिक्षण आणि भाला पुन्हा हाती घेतला. सव्वीसाव्या वर्षापर्यंत लटकवून मग सोडलं असतं तर?

दाजी, आता तुमच्या चार लाखांचं. नुसता हातात जोर असून भागत नाही. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, बेसबॉल दीडशेच्याही आत. ताशी 145 किलोमीटरच्या आसपास वेग हवाच, आणि साडेसाठ फुटांवरच्या 17 इंच रुंद प्लेटवरून (फलंदाजाशेजारची जमिनीतली पाटी) चेंडू न्यायचा, टप्पा न पाडता, पुन्हा पुन्हा. तीस हजारांहून जास्त मुलांतून निवडलेल्या या दोघांना लॉस एंजेलिसमध्ये टॉम हाउससारख्या नावाजलेल्या कोचने महिनोन् महिने घडवलं. तरी रिंकू जिथवर पोचला तिथून पिट्सबर्गच्या मध्ये ब्रॅडेंटन, अल्टूना आणि इंडियानापोलिस या खालच्या संघांच्या तीन पायऱ्या उरल्याच होत्या.

तेव्हा त्या नंबरवर फोन कराच, पण पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या क्लबचा स्काउट (खेळाडू हेरणारा माणूस) येणार, आजवर त्यांचा कोणता मुलगा करारबद्ध झाला, आणि खेळाडू घेताना क्लब स्वतः पैसे मोजतो तर हे चार लाख कशाचे. उत्तर आलं तर मला पाठवा. तोवर भाच्याला म्हणावं, भाला सोडू नकोस आणि बोर्डाचा फॉर्म भर.