दारात वसुलीवाला आला? आधी विचारा, कुणाचा माणूस?

मार्च जवळ आला की तासगाव, जतपासून मिरजेपर्यंत दारोदार वसुलीच्या गाड्या थांबायला लागतात. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडं अडकलेले, हप्ता थकलेला, आणि दारातला माणूस मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल असा बोलतो. अब्रू जाईल म्हणून घरचे शेजाऱ्याकडून पाच हजार उसने आणतात आणि त्याच्या हातावर ठेवतात. पावती? नाही. पुढच्या महिन्यात खातेउतारा काढला तर ती रक्कम जमाच नसते.

बँक किंवा फायनान्सचा असेल तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ केली तर कॉल रेकॉर्ड ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकटात तक्रार होते. चौकशीचा नंबर १४४४८. गटाच्या मायक्रोफायनान्सवाल्यांनी वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार बाई लागोपाठ दोनदा तिथं आली नाही, तरच घरी यायचं.

पतसंस्थेचं मात्र वेगळं. तिथं हा लोकपाल चालत नाही. तिथं चालतं ते सहकार कायद्याचं कलम १०१, म्हणजे थकबाकी वसुलीचं कलम. निबंधक कार्यालयाची नोटीस येते आणि बहुतेकजण ती देव्हाऱ्यामागं खोचून ठेवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. त्या तारखेला पावत्या आणि खातेउतारा घेऊन हजर राहिलात, व्याज कुठं जास्त लावलंय ते लेखी दिलंत, तर ते ऐकून घ्यावं लागतं. गैरहजर राहिलात की वसुली दाखला, म्हणजे सक्तीनं वसुली करायचा हुकूम निघतो, आणि त्याविरुद्ध वर जायचं तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. एवढे असते तर हप्ता थकला असता का! त्याच नोटिशीत जामीनदाराचंही नाव असतं. ‘मी नुसती सही केली’ हे तिथं कुणी ऐकत नाही, कारण कायद्यानं त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

आता सावकार. परवाना नसताना सावकारी केली तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण आपल्याकडं खरा घोळ खरेदीखताचा. दोन लाख द्यायचे, अर्ध्या एकराचं खरेदीखत करून घ्यायचं आणि ‘पैसे फेडलेस की परत लिहून देतो’ असं तोंडी सांगायचं. असा व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो, आणि चौकशीत सावकारी ठरली तर जमीन परत मिळू शकते. नुसतं रडून भागत नाही, पुरावा लागतो. खरेदीनंतरही पीकपाहणीला तुमचंच नाव आहे का, खरेदीखतातली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरापेक्षा किती कमी आहे, व्याज फोनपेनं गेलं असेल तर त्याचं स्टेटमेंट. हे सगळं एका फाईलला लावा आणि मगच अर्ज लिहायला बसा. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर त्याच अर्जात घाला, चेक बँकेत पडायच्या आधी.