पटावर नाव असले म्हणजे झाले

जगात शाळेबाहेर असलेल्या मुलामुलींची संख्या सुमारे २७ कोटी २० लाख आहे, असे युनेस्कोने २०२५ मध्ये जाहीर केले. ठाण्यात सुस्थितीत राहणाऱ्या, मराठी वर्तमानपत्र विकत घेणाऱ्या आणि शिक्षणाविषयी मनापासून कळकळ असणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाने असा आकडा सकाळच्या चहाबरोबर वाचला, तर दिवस खराब जाण्याचा संभव असतो. हा त्रास टाळता येतो. त्यासाठी आकडेवारीशी थोडी ओळख करून घ्यावी लागते, इतकेच.

आकडा दिसताच नजर दूरच्या देशाकडे वळवावी, हे सर्वांत सोपे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शाळेबाहेरच्या मुलांचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शिकण्यास बंदी आहे. त्याबद्दल हळहळ व्यक्त करावी, आणि ती खरी असली तरीही हरकत नाही. आदल्या वर्षी हाच आकडा २५ कोटी १० लाख होता, मग वर्षभरात ही दोन कोटी मुले कोठून उगवली, असे घरातल्या एखाद्या चौकस व्यक्तीने विचारले, तर सांगावे की त्यांतील बरीचशी लोकसंख्येचे अंदाज सुधारल्यामुळे आली. म्हणजे ती आधीही होतीच, फक्त हिशेबात नव्हती. जे मूल हिशेबात नाही ते कोणाला टोचतही नाही, हे तत्त्व ध्यानात ठेवावे; पुढे ते आपल्याच स्वयंपाकघरात उपयोगी पडणार आहे.

आता परिभाषा. शाळाप्रवेशाची जी टक्केवारी जगभर छापली जाते, तिच्यातील एकूण पटनोंदणीचे प्रमाण शंभराच्या वरही जाऊ शकते, कारण अंशस्थानी त्या वर्गांत नाव असलेली सर्व वयांची मुले घेतात आणि छेदस्थानी फक्त त्या वर्गांच्या ठरीव वयाची. दोनदा नापास होऊन मागे राहिलेल्या मुलानेही देशाची टक्केवारी पुढे न्यावी, अशी सोय दुसऱ्या कोणत्याही शास्त्रात आढळत नाही. या पटावर विश्वास नसलेली काही मंडळी घरोघरी जाऊन हजेरीची चौकशी करतात. परंतु त्यांनाही भिण्याचे कारण नाही. युनिसेफच्या आणि त्या धर्तीच्या सर्वेक्षणांत प्रश्न साधारणपणे असा असतो, की चालू शैक्षणिक वर्षात हे मूल केव्हा तरी शाळेत गेले होते काय. जूनमध्ये पुस्तके आणायला एक दिवस गेलेले मूलसुद्धा या प्रश्नाला प्रामाणिकपणे होय म्हणू शकते. आपल्या राज्याचा नियम त्या मानाने कडक आहे. सहा ते चौदा वयाचे मूल सलग एक महिना गैरहजर राहिले, तर ते शाळाबाह्य धरले जाते. यावर उपाय काय, हे गणिताची भीती असलेल्या माणसालाही सुचेल: विसाव्या-बाविसाव्या दिवशी मुलाला एकदा शाळेत पाठवावे, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर घोडबंदर रोडवरच्या कोणत्याही मोठ्या सोसायटीत, चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर, आठवड्याच्या कामाच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास डोकावावे. मावशी बेडरूममध्ये फरशी पुसत असतात. त्यांची तेरा वर्षांची मुलगी, जी महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे, ती ओट्याखाली बसून मेथी निवडत असते. अंगात शाळेचाच गणवेश असतो, कारण तो टिकाऊ आहे आणि दुसरा चांगला ड्रेस मळवायचा नाही, असे आईने बजावलेले असते. पाने पातेल्यात, काड्या वर्तमानपत्रावर. आणि काड्या सरकवताना ती कागदावरचे मथळे पुटपुटत वाचते, जोडाक्षर आले की अडते, ते सोडून पुढच्या शब्दावर जाते. बाळ रडले की हात फ्रॉकला पुसून उठते. अशा वेळी पाहुण्यांनी विचारलेच, तर घरच्या बाईंनी द्यायचे उत्तर ठरलेले आहे: ती कामाला नाही, ती आईबरोबर येते.

हे उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही विचारपूर्वक निवडलेले आहे. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्यास २००६ पासून मनाई आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू झाली. मात्र कुटुंबाच्या व्यवसायात शाळेची वेळ सांभाळून मदत करण्याची सवलत त्याच दुरुस्तीत ठेवलेली आहे. आपली मेथी हा मावशींचा कौटुंबिक व्यवसाय ठरतो का आणि साडेअकरा ही कोणत्या अधिवेशनाची वेळ, या खोलात आपण जाऊ नये. मुलीला पगार देऊ नये, म्हणजे ती नोकर ठरत नाही. दिवाळीला फ्रॉक द्यावा, म्हणजे आपण दाते ठरतो. शिवाय तिला अधूनमधून ‘शाळा सोडू नकोस हं’ असे सांगत जावे. तिचे नाव पटावर आहे, महिन्यातून काही दिवस ती जातेही. त्यामुळे त्या २७ कोटींत ती नाही, आणि तिच्यामुळे आपल्या मनाला लागण्यासारखे काही उरत नाही.

त्याच घरातील आतल्या खोलीचे दार मात्र बंद असते, कारण आत आपले चिरंजीव अकरावी सायन्सचा अभ्यास करत असतात, किंवा ते नौपाड्यातल्या नाहीतर वाशीतल्या क्लासला गेलेले असतात. त्यांचेही नाव पटावर आहे. कॉलेज पार बदलापूरच्या पलीकडे असून त्याची इमारत चिरंजीवांनी प्रवेशाच्या दिवशी आणि प्रॅक्टिकलच्या आठवड्यात पाहिली. या व्यवस्थेला आपण ‘इंटिग्रेटेड’ म्हणतो आणि तिची दोन वर्षांची फी काही लाखांत भरतो. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तो कॉलेज कागदावर सांभाळते. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अंगठ्याच्या ठशाने हजेरी घेण्याचा आदेश काढला, तेव्हा पालकवर्गात काही काळ घबराट पसरली होती. आजही क्लासचे बॅनर उड्डाणपुलांच्या खांबांना लटकलेले दिसतात, यावरून ती घबराट अनाठायी होती असे म्हणावे लागते. येथे आकडेवारीचे खरे औदार्य दिसून येते. साडेअकरा वाजता त्या एका घराशी संबंधित दोन मुले आपापल्या वर्गात नसतात, आणि जगाच्या तक्त्यात दोघेही हजर असतात. एक निम्न माध्यमिक स्तराच्या रकान्यात, दुसरा उच्च माध्यमिकच्या. एकाच्या गैरहजेरीसाठी लाखो रुपये मोजावे लागतात आणि दुसरीची फुकटात होते, एवढा तपशील रकान्यात मावत नाही.

मुलगी पुढे किती शिकेल, ही चिंता वाटू लागल्यास संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाचा आधार घ्यावा. त्यात भारतीय मुलाची अपेक्षित शालेय वर्षे सुमारे १३ धरली आहेत, तर पंचवीस वर्षांवरील भारतीयांनी प्रत्यक्षात घेतलेल्या शिक्षणाची सरासरी सात वर्षांपेक्षाही कमी भरते. मावशी चौथी शिकल्या, आणि त्यांची मुलगी अहवालाप्रमाणे तेरावीपर्यंत जाणार. आजचा पट उद्याही असाच राहील असे धरून ही अपेक्षा काढलेली असते. आणि पट, आपण पाहिलेच, उत्तम आहे.

वाचता येते की नाही हा विषय शक्यतो काढूच नये. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी सत्तर मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल खेड्यापाड्यांत घरी जाऊन मुलांच्या हातात परिच्छेदच ठेवतो. २०२४ मध्ये त्यांना सहा ते चौदा वयाची ९८ टक्के मुले पटावर आढळली आणि पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. सुदैवाने ही पाहणी ग्रामीण भागापुरती असते आणि घोडबंदर रोड आता ग्रामीण राहिलेला नाही. देश म्हणून आपला पवित्राही अनुकरणीय आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये बसली, सत्तराहून अधिक सहभागींत जवळजवळ तळाशी आली, आणि त्यानंतरच्या फेऱ्यांत आपण बसलोच नाही. निकाल सुधारण्याचा याहून काटकसरी मार्ग कोणत्याही क्लासला सापडलेला नाही.

काही माणसे मात्र हा सारा डाव मोडतात, त्यांच्यापासून सावध असावे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. कोणाला दोन शाळांत मोजून घेता येऊ नये म्हणून हजर मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि पटावरची लाखो नावे बोटांशिवायच निघाली. अलीकडे केंद्र सरकारने शाळांकडून बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी माहिती मागायला सुरुवात केली, तेव्हा देशाचा पट एक कोटीहून अधिकने घसरला. मूल एकेक करून मोजू लागले की असे अनर्थ होतात. आपल्या ठाण्यातच तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. सिग्नलला गजरे आणि खेळणी विकणारी मुले तेथे प्रत्यक्ष बसून शिकतात. अशा ठिकाणी गाडीची काच खाली करून पाहिले, तर मूल जेथे असते तेथे शाळा नेता येते, अशी गैरसोयीची शंका मनात येऊ शकते. म्हणून सिग्नल हिरवा होईपर्यंत मोबाइल पाहावा.

सर्व मुलांना शाळेत आणण्याच्या मुदतींबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली, आणि शिक्षण हक्क कायदा अमलात आला २०१० मध्ये. जगाने १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे २००० ची, २००० मध्ये सेनेगलमधील डकार येथे २०१५ ची आणि २०१५ मध्ये २०३० ची तारीख ठरवली. पुढची तारीख पडेपर्यंत धीर धरावा.

तूर्त आपल्यावर येऊन ठेपलेली गोष्ट म्हणजे २०२७ ची जनगणना. साक्षर कोण, तर सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती. परंतु दारात उभा असलेला प्रगणक परिच्छेद वाचायला लावत नाही, घरच्यांनी जे सांगितले ते लिहून घेतो. हा प्रगणक बहुधा शिक्षक असेल, कारण शिक्षण हक्क कायद्याने अशैक्षणिक कामांतून शिक्षकांची सुटका करताना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही कामे वगळली आहेत. मावशींच्या वस्तीतही असेच एखादे गुरुजी जातील आणि त्यांच्या मुलीपुढे ‘साक्षर’ असे लिहून घेतील. कदाचित ते तिचेच वर्गशिक्षक असतील आणि बऱ्याच दिवसांनी दोघांची भेट होईल. आपल्या दारी गुरुजी आले, तर त्यांना आत बोलवावे, पंख्याखाली बसवावे, पाणी विचारावे. तुमच्या वर्गावर आज कोण आहे, एवढे मात्र विचारू नये.