चकती आणि दळण

माझ्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या डोक्यात, म्हणजे रोटर हेडमध्ये, रबराचे दोन डॅम्पर आहेत. दोन्ही पाती ज्या पोलादी दांड्यावर बसतात तो स्पिंडल या रबरांत टेकलेला असतो आणि पाती मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असताना त्यांना किंचित वरखाली डुलण्याची मोकळीक हे रबरच देते. रबर कडक असले तर यंत्र इशाऱ्यासरशी वळते, पण कमी फेऱ्यांवर थरथरते. मऊ असले तर उडणे गोड होते, मात्र जोरात कोलांटी मारली की पाते स्वतःच्याच शेपटीवर आपटण्याची धास्ती असते. अमळनेरच्या मे महिन्यात ४४ अंशांत माणूससुद्धा मऊ पडतो, तेव्हा कडक रबर बरे, असा हिशोब मी केला.

ओसरीवर आई ज्वारी निवडत बसली होती. शेजारीच सतरंजी टाकून मी हेड उघडले. स्पिंडलचे स्क्रू लॉकटाइटमुळे, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावलेल्या गोंदामुळे, हट्टाला पेटले होते. सोल्डरिंगच्या इस्त्रीने शेकल्यावर एक सुटला, आणि त्याच्यामागची कागदासारखी पातळ चकती, जिला आम्ही शिम म्हणतो, टिणकन उडून थेट ज्वारीच्या सुपात पडली.

"हाई काय पडनं रे भाऊ?" आईने विचारले. "काही नाही," असे मी म्हणालो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक शेजारच्या आप्पांचे ऐकण्याची. "वंगणबिगर चाक फिरस का?" असे म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा आणून दिला. रबराला सिलिकॉनचे ग्रीस लागते, खनिज तेलाच्या ग्रीसने ते फुगते, हे मला पाठ होते; पण आप्पांच्या उत्साहापुढे पाठांतर टिकले नाही. सकाळी पाहतो तर डॅम्पर ताकात भिजवलेल्या वड्यासारखे टम्म झालेले. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन मोटर सुरू केली, तर भर उन्हात हिवताप भरल्यासारखे हेलिकॉप्टर वाळूत कापू लागले, आणि आप्पा दोन पावले मागे सरले.

मग नवे डॅम्पर घातले. एका बाजूची शिम हरवलेली असल्याने दुसऱ्या बाजूचीही काढून ठेवली, कारण दोन्हीकडे सारखे असणे मापापेक्षा महत्त्वाचे. स्पिंडल टीपॉयच्या काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री केली आणि पात्यांची बाहेरची ओढ सोसणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची मोठ्या भोकाची रिंग आतल्या बाजूला ठेवली. पात्यांना बोटाने जाणवण्याइतका ढिलेपणा राहिला, तरी यंत्र छातीएवढ्या उंचीवर दोन मिनिटे स्थिर तरंगले. आप्पांनी श्रेय वंगणाला दिले.

संध्याकाळी गिरणीवाल्याचा मुलगा पिठाचा डबा घेऊन आला आणि त्याने कागदाची एक पुडी माझ्या हातावर ठेवली. गिरणीच्या चुंबकाला चिकटलेली माझी शिम होती.

"तुमना दळणमा हाई निंघनं," तो म्हणाला.

आईने डबा उघडला, चिमूटभर पीठ दातांखाली धरून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "आखो काय काय शे रे यामा?"