पंच्याण्णव टक्क्यांचा आकडा आणि त्यामागचे शंभर रुग्ण

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या महिलांच्या गटात एक लांबलचक संदेश आला. आहार सांभाळून आणि व्यायाम करून वजन उतरते हा भ्रम आहे, ९५ टक्के लोकांचे उतरलेले वजन परत येते, व्यायामाने केवळ भूक वाढते, डाएटने चयापचय कायमचे बिघडते आणि जाडी मुळात रक्तातच असते, असा त्याचा मथितार्थ होता. हा मजकूर थोड्याफार फरकाने अनेकांपर्यंत पोहोचला असेल. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला, की रोज पहाटे माझ्यासोबत चालायला येणाऱ्या शेजारच्या काकू दुसऱ्या दिवसापासून येईनाशा झाल्या. “एवढं करून परतच येणार असेल तर गुडघे कशाला झिजवू?” असे त्यांनी मला विचारले. हे उत्तर त्यांच्या त्या प्रश्नासाठी आहे.

आधी त्या ९५ टक्क्यांविषयी, कारण सगळा मजकूर त्याच आकड्याच्या आधाराने उभा आहे. १९५९ साली स्टंकार्ड आणि मॅक्लॅरेन-ह्यूम या दोन संशोधकांनी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या आहार विभागात आलेल्या १०० स्थूल रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोन वर्षांनंतर उतरलेले वजन टिकवून धरणारे अवघे दोघे निघाले, आणि पुढे अनेकदा उद्धृत होत गेलेल्या या आकड्याचे मूळ बहुतांशी तिथेच सापडते. मात्र त्या रुग्णांना आहाराचा तक्ता हातात देऊन घरी पाठवले जात होते आणि नंतर त्यांचा फारसा पाठपुरावा होत नव्हता, ही बाब आकड्यासोबत कोणीच सांगत नाही. म्हणजे त्या अभ्यासातून सिद्ध झाले असेल तर एवढेच, की नुसता तक्ता देऊन भागत नाही.

पाठपुरावा केला तर काय होते, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेत टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांवर ‘लुक अहेड’ नावाची दीर्घ चाचणी झाली. त्यातील ज्या गटाला आहार आणि व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळाले, त्याचे वजन पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले. पुढे त्यातले बरेचसे परत आले, हे मी लपवत नाही. पण आठ वर्षांनंतरही त्या गटातील निम्म्या लोकांचे वजन सुरुवातीपेक्षा किमान ५ टक्क्यांनी कमी होते. आठ वर्षांनी शंभरातले पन्नास आणि दोन वर्षांनी शंभरातले दोन, यांतला फरक डोळ्यांआड करून ‘काही उपयोग नाही’ असे म्हणणे हा लोकांवर अन्याय आहे.

व्यायामाविषयीच्या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. खाणे तसेच ठेवून केवळ चालण्याने फारसे वजन उतरत नाही, कारण अर्धा तास झपाझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात आणि एक वडापाव त्याच्या दुप्पट तरी भरतो. खरे काम स्वयंपाकघरात होते, आणि ते दिसायला अगदीच किरकोळ असते. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपत असे. तो हिशेब केला तेव्हा माणशी रोजचे अडतीस ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी, नुसत्या फोडणीतून आणि तळणातून पोटात जात असल्याचे लक्षात आले. मी फोडणीसाठी पळी बाजूला ठेवून चहाचा चमचा घेतला, तळण रविवारपुरते ठेवले, आणि महिन्याचा खप तीन लिटरवर आला. माणशी रोज सव्वाशेहून अधिक कॅलरी कमी झाल्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाच्या चालण्याइतक्या. असेच चहातल्या साखरेचे आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भाताचे झाले. दीड वर्षात माझे १२ किलो वजन उतरले, तेव्हा नातेवाइकांनी आधी थायरॉइड निघाला का असे विचारले, मग साखर निघाली का, आणि शेवटी कोणती पावडर घेतेस असे विचारले. तेलाच्या डब्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

मग चालायचे कशाला? उतरलेले वजन राखण्यासाठी. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते, ज्यात किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्या लोकांची माहिती असते, आणि त्यांतील बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, प्रामुख्याने चालतात. ही माणसे स्वतःहून नाव नोंदवतात, त्यामुळे शंभरातले किती यशस्वी होतात हे त्यावरून ठरत नाही; यशस्वी झालेले काय करतात, ते मात्र कळते.

चयापचय मंदावते हे खरे आहे. यासाठी २०१६ सालच्या ज्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, त्यातील १४ जण एका दूरचित्रवाणी स्पर्धेतले होते आणि त्यांनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन उतरवले होते. महिन्याला अर्धा-पाऊण किलो उतरवणाऱ्या गृहिणीला त्यांचे उदाहरण देऊन घाबरवणे गैर आहे.

अनुवंशिकतेचा मुद्दा तर लवकर निकालात निघतो. एफटीओ या जनुकाचा वजनवाढीशी असलेला संबंध २००७ साली उघड झाला. त्याची जोखमीची रूपे असलेल्या लोकांचे वजन आहार-व्यायामाने इतरांइतकेच उतरते, असे नऊ हजारांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१६ साली दिसून आले.

राहता राहिला काकूंचा दुसरा प्रश्न, की चार-पाच किलोंनी असे काय होणार आहे. ज्यांना औषधाची किंवा शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही. पण काकूंच्या रिपोर्टात एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा, ६.१ आहे, म्हणजे त्या अजून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. अशाच उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि बेताचे खाणे सांगितलेल्या गटाचे वजन सरासरी साडेपाच किलोंच्या आसपास उतरले होते, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. पुढच्या काही वर्षांत त्या लोकांचेही बरेचसे वजन परत आले, आणि तरीही दहा वर्षांच्या अखेरीस त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण मूळ चाचणीत नुसती औषध नसलेली गोळी दिलेल्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. मी हे आकडे कागदावर लिहून काकूंना दिले आहेत, आणि उद्या सकाळी सहाला त्यांच्या दारावरची बेल वाजवणार आहे.