आत्याचा श्रीखंडाचा डबा आणि तो ‘साठीनंतर’वाला मेसेज

परवा आत्याने फॉरवर्ड पाठवला. साठीनंतर रोज सकाळी गॅसची गोळी, रात्री ॲस्पिरिन, दुखलं की पेनकिलर, गॅसच्या गोळीला साइड इफेक्ट शून्य, जितकी औषधं जास्त तितकं संरक्षण जास्त. पाठोपाठ फोन, “बघ गं, माझी ती गोळी उगाच बंद केली तुम्ही.” डोकंच फिरलं.

तर ‘साइड इफेक्ट शून्य’. आत्याच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. मागच्या वर्षी तो पालथा केला तेव्हा तीन डॉक्टरांच्या मिळून अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या, त्यात दोन पाकिटांवर नावं वेगळी पण मागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हीत पॅन्टोप्राझोलच, आणि तिसऱ्यात रॅबेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड. म्हणजे गॅसवर तीन! हे लेवोसल्पिराइड मेंदूतलं डोपामिन अडवतं, म्हाताऱ्या माणसांना त्याने कंप सुटू शकतो, चाल मंदावते, हुबेहूब पार्किन्सन. आत्याची कपबशी दिवाळीपासून वाजत होती आणि आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणत होतो, वर कंपाची वेगळी गोळी पण चालू झालेली. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी डबा बघून ती तिसरी गोळी बंद केली, दोन-तीन महिन्यांत बशी गप्प. आणि आता हीच बाई तीच गोळी परत मागतेय, एका मेसेजवरून.

बरं, माझ्यावर विश्वास नको. म्हाताऱ्यांना कुठली औषधं टाळावीत याची बीअर्स म्हणून यादी आहे, 1991 मध्ये निघाली, आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी काढते. 2023 च्या यादीत पॅन्टोप्राझोलच्या जातीच्या गोळ्या ठोस कारण नसेल तर 8 आठवड्यांच्या वर देऊ नका असं आहे, कारण हाडं मोडणं, आतड्याचं इन्फेक्शन, न्यूमोनिया.

ॲस्पिरिनचं पण त्यातच आहे, हार्टचा त्रास झालेलाच नाही त्यांना म्हातारपणी नव्याने सुरू करू नका, रक्तस्राव होतो. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, त्यांना ती लागते आणि त्यातल्या काहींना सोबत गॅसची गोळी डॉक्टर मुद्दाम देतात. एवढं खरंय, मान्य. पण मेसेजमध्ये स्टेंटचा ‘स’ तरी आहे का?

पेनकिलर: बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफिनॅक, या तिघी एकत्र आल्या की किडनीची वाट लागू शकते. ‘जास्त औषधं जास्त संरक्षण’वर तर बोलायचंच नाही मला.

आणि आतोबा, हे वाचून तुम्ही बीपीची गोळी परस्पर बंद कराल, ते पण नको. उद्या दोघंही तो डबा अख्खा घेऊन डॉक्टरांकडे जा, टेबलावर ओता आणि एकेक पाकीट उचलून विचारा, ही कशासाठी आणि कधीपर्यंत.