भूल दिली म्हणजे झोप झाली?

"मोठ्या ऑपरेशननंतर झोप लागत नसेल तर भुलीचं औषध मागून घ्या. भूल म्हणजेच सर्वांत गाढ झोप, चीनमध्ये सिद्ध झालंय. घरी आल्यावर झोपेची अर्धी गोळी पुरते." हा मेसेज फिरत फिरत आत्याकडे पोचला. गुडघा बदलून ती नुकतीच घरी आली आहे. लगेच फोन: "घेऊ का गं अर्धी? ह्यांच्या उरल्यात."

उरल्यात! म्हणून आधी त्या अर्ध्या गोळीचंच बघू. घरी सोडताना दुखण्यासाठी बऱ्याचदा ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या वर्गातलं औषध देतात. ते श्वास मंद करू शकतं. अल्प्राझोलामच्या जातीची झोपेची गोळी त्यात पडली की धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्ये या जोडीबद्दल दोन्ही औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो उगाच नाही. झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी तर नावच काढू नये. शिवाय उतारवयात या गोळ्यांनी माणूस बरळायला लागतो, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, आणि पडतो तो नव्या गुडघ्यावरच. (आधीपासून रोज घेत असाल तर मनानेच बंदही करू नका, तेही महागात पडतं.)

भूल म्हणजे गाढ झोप? झोपलेला माणूस हाकेने उठतो, भूल दिलेल्याला चिरलं तरी पत्ता नसतो. झोपेसाठी घरी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध घेणारा मायकल जॅक्सन २००९ मध्ये त्यातच गेला. त्याच्या डॉक्टरला शिक्षा झाली.

राहता राहिला चीन. इथे थोडं मान्य करावं लागतं. २०१६ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बीजिंगचा अभ्यास आहे: हृदयाखेरीज इतर ऑपरेशनांनंतर आयसीयूत आलेले, पासष्टीपुढचे ७०० रुग्ण. निम्म्यांना रात्रभर डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध, वजनाच्या किलोमागे ताशी फक्त ०.१ मायक्रोग्रॅम. ऑपरेशननंतर भ्रम होण्याचं (भान सुटून बरळण्याचं) प्रमाण औषध न दिलेल्यांत २३ टक्के होतं, दिलेल्यांत ९, झोपही बरी लागली. पण हे आयसीयूत, मॉनिटर लावून, कारण हे औषध नाडी मंद करतं, बीपी उतरवतं. शिवाय याच औषधाच्या, हृदयाच्या ऑपरेशनांवरच्या २०२० च्या मोठ्या चाचणीत भ्रम कमी झालाच नाही. मेसेजवाल्याने ते सोयीस्करपणे गाळलंय.

मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या काही रात्री झोप मोडतेच, स्वप्नांची झोप तर जवळजवळ नाहीशी होते आणि मग हळूहळू परत येते. वेदनेची गोळी रात्रीच्या वेळेला बसते का, दुपारी किती झोपतोय, ते आधी बघा. तरीही डोळा लागत नसेल तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून सर्जनना फोन करा.